गरोदरपणात मासे सोडू नका, निवडून खा

ठाणे-नवी मुंबईतल्या मासे खाणाऱ्या घरात गोड बातमी आली, की आठवडाभरात ताटातल्या माशावरून चर्चा सुरू होते. सासूबाई म्हणतात, कोळंबी उष्ण, पहिले तीन महिने नकोच. मोठी जाऊ म्हणते, मी नववा लागेपर्यंत बांगडा खाल्ला, काही झालं नाही. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी माशांत पारा असतो असा मेसेज टाकतं. सगळ्यांचं ऐकून झालं की ती मुलगी वैतागून म्हणते, जाऊ दे, नऊ महिने मासेच बंद करते.

या शेवटच्या निर्णयाची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. मासे सोडले की धोका टळला असं वाटतं, पण त्यासोबत पोटातल्या बाळाच्या वाट्याचंही बरंच काही जातं. आणि ज्या घरात वर्षानुवर्षं आठवड्याला तीनदा कालवण शिजतं, तिथे माशाच्या जागी दुसरं काय द्यायचं हे कुणी ठरवलेलंही नसतं. भात थोडा वाढतो, इतकंच.

बाळाचा मेंदू आणि डोळ्यांचा पडदा घडताना डीएचए नावाचं ओमेगा-३ मेदाम्ल लागतं. शेवटच्या तिमाहीत मेंदू झपाट्याने वाढतो, तेव्हा ही गरज सर्वांत जास्त असते. गरोदर बाईला दिवसाला किमान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं, असं आहारशास्त्र सांगतं. जवस आणि अक्रोडातही ओमेगा-३ असतं, पण वेगळ्या रूपातलं. आपलं शरीर त्यातला अगदी थोडा भाग डीएचएमध्ये बदलू शकतं. तारली आणि बांगड्यात मात्र ते तयारच मिळतं. शिवाय पचायला सोपी प्रथिनं, बी-१२, आयोडीन, सेलेनियम आणि ड जीवनसत्त्व. मांदेली काट्यासकट कुरकुरीत तळून खाल्ली, किंवा जवळा अख्खा खाल्ला, तर कॅल्शियमही.

२००७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधल्या सुमारे १२ हजार गरोदर स्त्रियांचा अभ्यास छापून आला. त्या काळी अमेरिकेत गरोदर बायकांना सल्ला होता की आठवड्याला ३४० ग्रॅमच्या वर मासे खाऊ नका. ब्रिटनच्या या अभ्यासात दिसलं उलटंच. ज्या आया ३४० ग्रॅमपेक्षा कमी मासे खात होत्या, त्यांची मुलं भाषेशी संबंधित बुद्धिमत्ता चाचण्यांत मागे पडण्याचं प्रमाण जास्त होतं. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही, हे खरं. पण पुढे अमेरिकेने आपला सल्ला बदलला आणि नुसती वरची मर्यादा सांगण्याऐवजी खालचीही सांगितली. आज तिथला सल्ला असा आहे की गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम खावेत, म्हणजे दोन ते तीन वेळा. एका वेळचा वाटा कच्च्या माशाचा सुमारे ११० ग्रॅम. मध्यम आकाराचा बांगडा साफ करून जवळपास एवढाच भरतो.

पाऱ्याची भीती कुठून आली

पारा माशात कसा जातो हे एकदा समजलं की कुठला मासा खायचा हे पाठ करावं लागत नाही, बाजारात उभ्या उभ्या ठरवता येतं. म्हणून इथे जरा थांबू.

कोळसा जाळणारी वीजकेंद्रं, सोन्याच्या खाणी, काही कारखाने आणि ज्वालामुखी यांतून पारा हवेत जातो आणि शेवटी पाण्यात उतरतो. पाण्यातल्या तळाच्या गाळातले जीवाणू त्याचं मिथाइलपारा या संयुगात रूपांतर करतात. खरा त्रास या संयुगाचा. ते प्रथिनांना चिकटतं आणि लवकर बाहेर पडत नाही. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांमध्ये, म्हणजे प्लवंगांमध्ये, ते किंचित असतं. प्लवंग खाणाऱ्या छोट्या माशात थोडं जास्त. असे शेकडो छोटे मासे खाणाऱ्या मोठ्या माशात त्याहून कितीतरी जास्त. आणि त्या मोठ्या माशाला खाऊन पंधरा-वीस वर्षं जगणाऱ्या शार्कमध्ये सगळ्यांचा साठा जमा झालेला असतो. म्हणजे तीन गोष्टी बघायच्या: मासा केवढा, तो किती वर्षं जगतो आणि तो काय खातो.

हा पारा माशाच्या मांसात मुरलेला असतो, नुसता कातडीत किंवा पोटात नाही. त्यामुळे धुऊन, मीठ-हळद लावून, कोकमाच्या पाण्यात ठेवून किंवा कडक तळून तो जात नाही.

याचं गांभीर्य जगाला कळलं ते जपानमधल्या मिनामाता गावात. तिथल्या चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना पारा असलेलं सांडपाणी खाडीत सोडत होता आणि गावकरी त्याच खाडीतले मासे रोज खात होते. १९५६ साली या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. लोकांचे हातपाय बधिर होत, तोल जाई, नजर आक्रसत जाई. त्याहून हादरवणारी गोष्ट पुढे आली. ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता, त्यांच्या पोटी मेंदूला जबर इजा झालेली बाळं जन्मली. तोवर डॉक्टरांचा समज असा होता की वार, म्हणजे नाळेच्या टोकाचा तो अवयव, बाळाला विषापासून वाचवतो. मिथाइलपारा मात्र वारेतून सरळ पलीकडे जातो, इतकंच काय, बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्ताहून जास्त भरतं.

मिनामातात जे झालं ते टोकाचं प्रदूषण होतं, आठवड्याला दोनदा बांगडा खाल्ल्याने तसं होत नाही. हा फरक आकड्यांत बघू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली मर्यादा ठरवली, ती पोटातल्या बाळाचा विचार करूनच: शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम मिथाइलपारा. बाईचं वजन ५५ किलो धरलं तर आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम.

आता अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोजलेली सरासरी घ्या. शार्कच्या एका ग्रॅममध्ये सुमारे ०.९८ मायक्रोग्रॅम पारा. ११० ग्रॅमच्या एका वाट्यात झाले १०८. एका जेवणात आठवड्याची मर्यादा ओलांडली. सार्डीन, म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा, त्याच्या एका ग्रॅममध्ये ०.०१३. तेवढ्याच वाट्यात दीड मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. कोळंबीत त्याहूनही कमी, वाट्याला एक मायक्रोग्रॅम. मर्यादा गाठायला आठवड्यात तारलीच्या साठ थाळ्या संपवाव्या लागतील. हे आकडे तिकडच्या बाजारातल्या माशांचे आहेत. अरबी समुद्रातल्या माशांचे थोडे इकडेतिकडे होतील, पण लहान मासा खाली आणि मोठा शिकारी मासा वर, हा क्रम बदलत नाही.

आणखी एक गोष्ट. शरीरातला मिथाइलपारा निम्मा व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. म्हणून बाळाचा विचार करणाऱ्या बाईने मोठे शिकारी मासे आधीपासूनच कमी करावेत. दिवस गेल्याचं कळेपर्यंत पाच-सहा आठवडे निघून गेलेले असतात.

आपल्या पाटीतले मासे

बिनधास्त खावेत असे: तारली, बांगडा, मांदेली, बोंबील, पापलेट, कोळंबी, करंदी, जवळा, लेपा, मुडदुशी. गोड्या पाण्यातले रोहू, कटला, तिलापियाही चालतील. मॉलमध्ये बर्फात मिळणाऱ्या बासा माशातही पारा कमीच असतो, फक्त त्यात ओमेगा-३ही फार नसतं, तेव्हा त्याच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

पापलेटाबद्दल एक मुद्दाम सांगते. गरोदर सुनेसाठी घरचे आवर्जून पापलेट आणतात, कारण ते महाग, काटे कमी आणि चवीला सौम्य. हौस म्हणून जरूर आणा. पण बाळाच्या दृष्टीने तारली आणि बांगडा त्याच्यापेक्षा कुठेही कमी नाहीत, उलट तेलकट असल्यामुळे ओमेगा-३ त्यांच्यातच जास्त. बजेट बेताचं असलेल्या घराने पापलेट परवडत नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नये. पाटीतला सगळ्यात स्वस्त मासा इथे सगळ्यात उपयोगी आहे.

बांगड्यावरून जो घोळ होतो तो असा. अमेरिकेच्या 'खाऊ नका' यादीत किंग मॅकेरल आहे. तो मीटर-दीड मीटर वाढणारा शिकारी मासा. आपला बांगडा वीतभर लांब, प्लवंग खाणारा. दोघांचा पाऱ्याच्या बाबतीत काही संबंध नाही. त्या यादीची धास्ती घ्यायचीच असेल तर ती सुरमईच्या बाबतीत घ्या, कारण सुरमई त्या किंग मॅकेरलच्याच कुळातली आहे आणि तीही दीड मीटरच्या पुढे वाढू शकते. सुरमई पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून जास्तीत जास्त एकदा, लहान सुरमईची तुकडी, आणि त्या आठवड्यात दुसरा मोठा मासा नको. ताटाएवढ्या तुकड्याची आठ-दहा किलोची सुरमई दुकानदार कौतुकाने दाखवेल, ती बाळंतपणानंतर, बाळाचं दूध सुटल्यावर खा.

कुपा, मोठा घोळ, मोठी वाम, मोठा जिताडा हेही शिकारी मासेच. कधीतरी एखादा तुकडा ठीक, नेहमीचा मासा म्हणून नको.

आता मुशी. मालवणी घरात हिलाच मोरी म्हणतात. हा शार्क. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण द्यायची पद्धत किनाऱ्यावर आहे आणि ती मायेपोटी आलेली आहे, यात शंका नाही. तरीही गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना मुशी नको, लहान पिल्लू असलं तरी नको. दुधातूनही पारा थोडा बाळाकडे जातो. दूध वाढण्यासाठी मुशीच लागते याला आधार नाही. आजीचा आग्रह असेल तर त्याच वाटणात, त्याच तिरफळाच्या चवीत बांगड्याचं कालवण करून घ्या. आजीचंही मन राहील. तलवारमासा आणि मार्लिन आपल्याकडे क्वचित दिसतात, पण तेही याच गटात.

सुकी मासळी चालते. सुकट, सोडे, सुका बोंबील यांत प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर असतं. दोनच गोष्टी सांभाळा. ती वाळूवर, उघड्यावर वाळलेली असू शकते, म्हणून भाजून झाल्यावर कोमट पाण्यातून दोन-तीनदा धुऊन घ्या आणि नीट शिजवा. नुसती भाजून चटणीत कुटू नका. आणि मिठाचं प्रमाण जास्त असल्याने ज्यांचा रक्तदाब वाढलाय त्यांनी डॉक्टरांना विचारून, बेताने.

खाडीची चिंबोरी, खाडीच्या तिसऱ्या

हा भाग ठाणे-नवी मुंबईकरांसाठी खास, कारण आपण खाडीच्या काठावर राहतो.

ठाणे खाडीला २०२२ साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. हिवाळ्यात लाखभर रोहित पक्षी इथे उतरतात आणि ऐरोलीच्या बाजूने ते बघायला गर्दी होते. पण याच खाडीत दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातलं पाणी अनेक दशकं उतरत आलं आहे. तळाच्या गाळात शिसं, कॅडमियमसारखे जड धातू साचतात. चिखलात राहणारे आणि पाणी गाळून खाणारे जीव ते अंगात साठवतात.

शिवल्या, तिसऱ्या, कालवं हे शिंपले पाणी गाळून जगतात. दिवसाला कित्येक लिटर पाणी त्यांच्या अंगातून जातं, आणि त्यातले जीवाणू, विषाणू, धातू मागे उरतात. नीट उकळलं तर जंतू मरतात. शिसं मरत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गरोदर बाईने ठाणे खाडी, पनवेल खाडी आणि उल्हास नदीच्या मुखाजवळची कालवं, तिसऱ्या आणि चिखलातल्या निवट्या हे नऊ महिने पूर्ण टाळावं. चिंबोरीही खाडीचीच असेल तर नको. बाहेरून आलेली समुद्रातली असेल तर कधीतरी चालेल, पण कवटीतला तपकिरी-पिवळा गर काढून टाका, कारण कॅडमियम साठतं ते प्रामुख्याने तिथे. नांगीतलं पांढरं मांस खा.

हे लिहिताना मला वाईट वाटतं. चेंदणी, दिवा, वाशी, सारसोळे, करावे, दिवाळे इथल्या कोळी आणि आगरी घरांनी पिढ्यानपिढ्या या खाडीवर पोरं वाढवली. गरोदर सुनेला खाडीची ताजी निवटी मिळणं म्हणजे लाड होता. खाडी त्यांनी घाण केली नाही, पण सावध राहायची वेळ त्यांच्याच सुनांवर आली आहे.

तिसऱ्या-कालवांबद्दल दुसरंही एक कारण आहे, आणि ते पावसाळ्यात जास्त लागू पडतं. सांडपाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ इतरांना बहुतेक वेळा आपोआप बरी होते. गरोदर बाईला तिसऱ्या तिमाहीत झाली तर ती जिवावर बेतू शकते. अशा रुग्णांत मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ती मुख्यतः दूषित पाण्यातून पसरते, म्हणून उकळलेलं पाणी आधी. पण अर्धवट शिजलेले शिंपले हाही तिचा एक रस्ता आहे.

बाजारात

आपल्याकडचा बराचसा मासा भाऊचा धक्का, ससून डॉक आणि उरणजवळच्या करंजा बंदरातून येतो, काही गुजरातहून ट्रकने येतो. बेलापूरजवळ दिवाळे गावात किंवा ठाण्यात स्टेशनजवळच्या बाजारात मावशीकडून घेताना एक सवय लावून घ्या. "मावशी, कल्ले दाखवा," म्हणा. ती अंगठ्याने बांगड्याचं झाकण उचलते. आत लालभडक, ओलसर, एकेक पाकळी सुटी दिसली तर मासा ताजा. तपकिरी, चिकट, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतील तर पुढे चला. डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, खोल गेलेले आणि दुधाळ नकोत. पोटावर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून यावा. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, उग्र अमोनियासारखा नाही. ओळखीची मावशी असेल तर तिला सांगून टाका की पोटुशी आहे. "बाय, आज ह्यो नको नेऊ," असं मी स्वतः ऐकलेलं आहे, आणि गिऱ्हाईक घालवून असं सांगणारीवर विश्वास ठेवावा.

फॉर्मेलिनचा विषय २०१८ मध्ये केरळ आणि गोव्यात गाजला. प्रेतं टिकवायला वापरतात ते हे रसायन. माशावर त्याचा वापर बेकायदा आहे. फॉर्मेलिन लावलेला मासा रबरासारखा ताठ होतो आणि त्याला माशाचा वासच उरत नाही, माश्याही बसत नाहीत. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तपासणीचे छोटे कागदी किट तयार केले आहेत. पण माझ्या मते सगळ्यात चांगला बचाव म्हणजे हंगाम ओळखणं. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. अशा वेळी ढिगाने 'एकदम ताजं' पापलेट दिसलं तर ते बर्फात किती दिवस होतं हा प्रश्न पडलाच पाहिजे. या दोन महिन्यांत रोहू-कटला, चांगल्या कंपनीची पॅकिंगची तारीख असलेली गोठवलेली कोळंबी किंवा घरची धुतलेली सुकट यावर भागवा. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बाजार उघडतोच.

बांगडा, तारली आणि कुपा यांच्याबाबत बर्फाला फार महत्त्व आहे. हे मासे उन्हात पडून राहिले तर जीवाणू त्यांच्यात हिस्टामिन तयार करतात. ते शिजवून नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होतो, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं. लोक म्हणतात बांगड्याची ॲलर्जी झाली. बऱ्याचदा ती ॲलर्जी नसते, बर्फ नसतो. म्हणून मासे शेवटी घ्या, आधी भाजी-किराणा उरका, आणि घेतले की सरळ घरी.

ओट्यावर आणि तव्यावर

आपल्या स्वयंपाकाची एक मोठी जमेची बाजू आहे: आपण मासा कच्चा खात नाही. खळखळ उकळलेल्या कालवणात जंतू टिकत नाहीत. चुका होतात त्या आजूबाजूला. मासा ज्या विळीवर कापला त्याच विळीवर, नुसती पुसून, कोशिंबिरीची काकडी चिरली जाते. सिंकमध्ये कोळंबी धुताना पाणी उडतं आणि शेजारी कोथिंबिरीची जुडी पडलेली असते. कच्च्या माशासाठी वेगळी सुरी ठेवा, निदान साबणाने धुऊनच पुढची भाजी चिरा.

तव्यावर जरा जास्त लक्ष लागतं. रवा लावलेली जाड सुरमई मोठ्या आचेवर टाकली की दोन मिनिटांत वरून सोनेरी होते आणि आपण ती उतरवतो. मधला काटा बोटाने उचलून बघा. काट्यालगतचं मांस गुलाबी, काचेसारखं अर्धपारदर्शक असेल, काट्याला घट्ट धरून असेल, तर आत शिजलेलं नाही. आच मंद करून झाकण ठेवा. मांस पांढरं अपारदर्शक होऊन काट्यापासून पाकळीपाकळीने सुटलं की झालं. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ६३ अंश सेल्सियसला पोचायला हवं. बांगड्याला खोल चिरा द्या म्हणजे उष्णता आत पोचते. बाहेरच्या समुद्रातल्या शिंपल्या कधी केल्याच तर उकळल्यावर ज्या उघडल्या नाहीत त्या फेकून द्या, सुरीने उघडायच्या नाहीत.

मासे आणले तर त्याच दिवशी करा, फार तर दुसऱ्या. फ्रिज ४ अंशांच्या खाली हवा. देखभालीसाठी शुक्रवारी पाच-सहा तास वीज गेली असेल तर फ्रिजमधले कच्चे मासे गरोदर बाईला देऊ नका. शिजलेलं कालवण ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त नको, मे महिन्याच्या उकाड्यात एक तासच. शिळं कालवण मुरलेलं चविष्ट लागतं हे मान्य, पण ते फ्रिजमधलं असावं आणि वाढण्याआधी पुन्हा उकळी फुटलेली असावी. गोठवलेला मासा रात्रभर ओट्यावर ठेवून सुटू देऊ नका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकून.

बाहेर खाताना सुशी आणि थंडगार स्मोक्ड सामन नको. त्यांतून लिस्टेरिया नावाचा जीवाणू येऊ शकतो. तो फ्रिजच्या थंडीतही वाढत राहतो आणि गरोदर बाईला त्याची लागण होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट असते. आईला नुसता फ्लूसारखा ताप येतो, पण गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. मॉलमधलं मेयोनीझ लावलेलं थंड कोळंबीचं सॅलडही याच कारणाने टाळा. गरम, नीट शिजलेली फिश थाळी मात्र खुशाल मागवा.

राहिल्या समजुती. कोळंबीच्या उष्णतेने गर्भ पडतो याला वैद्यकीय आधार नाही. मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने कोड येत नाही. तुम्हाला आधीपासून कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर ती आताही टाळायचीच. पण बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून मासे सोडायची गरज नाही. पहिल्या तीन महिन्यांत वासानेच ओकारी येत असेल तर जबरदस्ती करू नका. चौथ्यात बऱ्याच जणींचं तोंड पुन्हा उघडतं.

ज्या मासे खातच नाहीत त्यांच्यासाठी शेवाळापासून बनवलेल्या डीएचएच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरांना विचारून घ्या. मात्र कॉडलिव्हर किंवा शार्कलिव्हर ऑइल घेऊ नका. ते माशाच्या यकृताचं तेल असतं, त्यात अ जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात फार असतं, आणि ते जास्त झालं तर बाळात जन्मजात दोष निर्माण होऊ शकतात. माशाचं साधं तेल आणि यकृताचं तेल या दोन वेगळ्या बाटल्या आहेत, लेबल नीट वाचा.

आणि चुकून कधी मुशी खाल्ली गेली असेल तर घाबरून जाऊ नका. एका जेवणाने काही बिघडत नाही, मर्यादा ठरवली आहे ती आठवड्यामागून आठवडे खाण्याचा विचार करून. पुढचे काही दिवस लहान मासे खा. पण मासे खाल्ल्यावर ताप आला, जुलाब-उलट्या थांबेनात, लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि काय, कुठलं आणि कधी खाल्लं होतं ते नीट सांगा.